ओठांचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. तुमच्या घरी भिंतीवर असतो तसला मात्र नव्हे. लोक आरशात तोंड बघतात म्हणजे चेहरा बघतात, केसांवरून हात फिरवतात आणि निघून जातात. माझ्यात खरोखरचं तोंड बघत असत. ओठ, दात, टाळू, जिभेचा शेंडा. मी बहिऱ्या मुलांच्या शाळेत बोलणं शिकवण्याचा आरसा होतो.

मला कान नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. मी जे सांगणार आहे ते सारं मी पाहिलेलं आहे. ओठांसमोर वर्षानुवर्षं बसलं की कुणाच्या ओठांवर कोणता शब्द आहे ते न ऐकताही कळू लागतं. हातांची भाषा मात्र मला कुणी शिकवली नाही. ती मी चोरून शिकलो, त्या मुलांनी शिकली तशीच.

माझी काच दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात तयार झाली. पाठीवर चांदीचा मुलामा चढला आणि एका सुताराने मला ओकच्या लाकडाची चौकट बसवली. शाळेने त्याला बजावून सांगितलं होतं, "रुंद कर. दोन चेहरे शेजारी शेजारी मावले पाहिजेत." एक चेहरा बाईंचा आणि एक मुलाचा. मी डच मुलखाच्या उत्तरेला, फ्रिसलँडला आलो तेव्हा दुसरं महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. कालव्याच्या काठी लाल विटांची शाळा होती आणि चहूकडे गाईंची कुरणं. मुलं पाच-सहा वर्षांची होऊन यायची, खेड्यांतून आणि समुद्रातल्या बेटांवरून, आणि मग तिथेच राहायची. घर फक्त सुटीत दिसायचं.

माझ्या वर्गाच्या बाई होत्या हिंके बाई. शेतकऱ्याची लेक, हाडापेराने दणकट. धारा काढून काढून तळहात रुंद झालेले. त्या मारकुट्या नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. मुलाला शेजारी बसवायच्या, दोघांनी माझ्यात बघायचं, आणि बाई ओठांसमोर कोंबडीचं एक पीस धरायच्या. 'प' म्हटलं की पीस हललं पाहिजे. हललं की मुलाला एक पेपरमिंट. 'ग'साठी मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायच्या, थरथर कळावी म्हणून. 'क' फार अवघड. चमच्याने जीभ मागे दाबावी लागे, आणि कित्येक मुलांना ओकारी यायची. महिनाभर घासून एखाद्याच्या तोंडून 'पाव' निघायचा, आणि शनिवारी गावातल्या पाववाल्याला तो कळायचाच नाही. तो बिस्किटांचं पुडकं काढून द्यायचा. मूल तेच घेऊन परत यायचं.

शाळेचा एक नियम होता. वर्गात हात मांडीखाली. हातांनी बोलायचं नाही, वर्गात नाही आणि जेवणघरातही नाही. हेडमास्तर फेल्डकाम्प म्हणायचे, "हात सुटले की जीभ आळसावते." ते उंच, वाकलेले, नेहमी काळ्या कोटात असायचे. दुष्ट नव्हते ते. मुलांसाठी त्यांचा जीव तुटायचा. पण जग हातांनी बोलत नाही, तेव्हा मुलांनीही बोलू नये, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं.

आणि मी काय बघत होतो, ठाऊक आहे? बाई समोरच्या मुलाच्या ओठांकडे टक लावून बसायच्या तेव्हा मागच्या बाकांवर सगळे हात मांडीखालून बाहेर यायचे. तिथे भांडणं व्हायची, गोष्टी व्हायच्या, हेडमास्तरांच्या चालण्याच्या नकला व्हायच्या. थोरली मुलं धाकट्यांना शिकवायची. बाईंची मान हलली की हात पुन्हा मांडीखाली. खरं सांगू का, त्या वर्गात दोन शाळा भरायच्या. एक माझ्यासमोर आणि एक बाईंच्या पाठीमागे.

आफ्के आली ती बेटावरून. बाप बेटाच्या बोटीवर खलाशी आणि आई त्रीन घरची दोन गुरं बघणारी. आफ्के जन्मापासून काहीच ऐकत नव्हती. आईने निघताना तिला जवळ घेऊन म्हटलं, "नाताळला येते हं मी न्यायला." ते मी आईच्या ओठांवर वाचलं, पण पोरीला कसं कळावं? तिला 'नाताळ' ठाऊक नव्हता आणि 'येते'ही ठाऊक नव्हतं. आई फाटकाबाहेर गेली एवढंच तिला दिसलं. पुढे कितीतरी दिवस ती खिडकी सोडायला तयार नव्हती. शेवटी तिला बाकावर आणलं डौवेने.

डौवे तिच्याहून थोडा मोठा. सात वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला आणि कान गेले. त्याआधी तो चांगलं ऐकत होता, बोलत होता, त्यामुळे त्याचं बोलणं शाबूत होतं. कुणी पाहुणे आले की हेडमास्तर त्याला पुढे बोलवायचे. "बोल बाळ." डौवे न अडखळता बोलायचा, आणि पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघायचे, जणू मीच त्याला बोलायला शिकवलं. खरं तर त्याला शिकवलं होतं त्याच्या बेप्पेने. बेप्पे म्हणजे आमच्याकडची आजी. आई नव्हती त्याला, तिनेच वाढवलं होतं.

आफ्केला चारच महिन्यांत हातांनी बोलता येऊ लागलं. ओठांनी मात्र चार वर्षांतही पंचवीस-तीस शब्दांपुढे गाडी गेली नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. ईस्टरची सुटी जवळ आली होती. कान तपासायला डॉक्टर यायचे होते. नेहमीचे म्हातारे डॉक्टर आजारी म्हणून एक तरुण डॉक्टर आले. त्यांना झुपकेदार मिशा होत्या. बहिऱ्या मुलाला मिशा म्हणजे दाराला कुलूप. ओठ दिसतच नाहीत. मला मात्र सरावाने मिशांखालची हालचालही वाचता यायची.

डॉक्टर पेटीतून यंत्र काढून मांडत होते आणि हेडमास्तर दाराशी उभे होते. बाईंनी तोवर आफ्केला माझ्यासमोर बसवलं. आदल्या दिवशी त्यांनी शरीराचे अवयव शिकवले होते. नाक, कान, पोट, पाय. आफ्केचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. वरच्या ओठावर घाम होता. ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, "पो..."

बाई खूश झाल्या. पोरीला कालचा धडा आठवला. त्यांनी पीस समोर धरलं. "छान. पण शेवटचा 'ट' कुठे गेला? जीभ वर लाव. पोट."

"पो..."

"पोट. बघ माझ्याकडे. ट."

आफ्केने डोळे मिटले, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि सगळा जोर लावून म्हणाली, "पोट."

पीस हललं. बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की काय सांगू. त्यांनी बरणीतलं पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवलं. आफ्केने पेपरमिंटकडे पाहिलं आणि ती तिथेच ओकली.

डॉक्टर धावत आले. "काय झालं हिला?"

"सकाळी ताकातली लापशी जास्त झाली असेल," हेडमास्तर म्हणाले.

डॉक्टर तिच्यासमोर वाकले. "कुठे दुखतं? कधीपासून?" आफ्के त्यांच्या मिशांकडे बघत राहिली. बाईंनी तोच प्रश्न मोठे मोठे ओठ करून विचारला. आफ्केने पोटावर हात ठेवला. डॉक्टरांनी पोट चाचपलं. घाबरलेली पोर जिथे बोट लागेल तिथे अंग चोरत होती.

"बद्धकोष्ठ दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "एरंडेल पाजा आणि झोपवा. उद्या बरं वाटेल."

हेडमास्तर एरंडेल आणायला सांगू लागले. डॉक्टर पुन्हा यंत्राकडे वळले. आणि तेव्हा मी पाहिलं की आफ्केचे हात मांडीवर, अगदी खाली, हलू लागले. ती मागे वळली नाही. वळायची गरजच नव्हती. मागच्या बाकावरचा डौवे तिला माझ्यात दिसत होता आणि ती त्याला माझ्यात दिसत होती. ती दोघं माझ्यातूनच बोलली.

तिचे हात म्हणत होते, 'कालपासून दुखतंय. आधी बेंबीपाशी दुखत होतं. आता इकडे खाली, उजवीकडे. रात्री दोनदा ओकले. पाय लांब केला की सुरी खुपसल्यासारखं होतं.'

'थंडी वाजते?' डौवेने विचारलं.

'खूप. कुणाला सांगू?'

डौवेने दाराकडे पाहिलं. मग तो उभा राहिला.

"बाई, ती सांगतेय की..."

"खाली बस, डौवे," हेडमास्तर म्हणाले.

"सर, तिला कालपासून दुखतंय. रात्री ती ओकली. आधी मध्ये दुखत होतं, आता उजव्या बाजूला..."

"तुला काय माहीत? ती एक शब्द तरी बोलली का?"

डौवेने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "हातांनी बोलली."

डॉक्टर गर्रकन वळले. "थांबा, थांबा. काय म्हणालास? आधी मध्ये आणि आता उजवीकडे?" ते डौवेपाशी गेले आणि त्याला ओठ दिसावेत म्हणून मिशा बोटांनी वर धरल्या. "तिला विचार, पाय लांब केला तर काय होतं."

डौवे पुढे आला. हेडमास्तरांच्या देखत, सगळ्या वर्गासमोर, भर उजेडात त्याने दोन्ही हात वर करून विचारलं. आफ्केने उत्तर दिलं. त्याने ते बोलून दाखवलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. डॉक्टरांनी तिला माझ्यासमोरच्या टेबलावर आडवं केलं, पोटाच्या उजव्या बाजूला खाली हात दाबला आणि एकदम सोडला. तिची किंकाळी मला ऐकू आली नाही, पण तिचं तोंड मला दिसलं.

"एरंडेल राहू द्या," डॉक्टर म्हणाले. त्यांचा रंग उडाला होता. "एक थेंबही देऊ नका. गाडी काढा, आत्ताच्या आत्ता."

अपेंडिक्स सुजलं होतं, फुटायच्या बेतात होतं. एरंडेलाने ते फुटलंच असतं, असं इस्पितळातले डॉक्टर नंतर म्हणाले. पोर वाचली.

हिंके बाई मात्र त्या गडबडीत जागच्या हलल्या नव्हत्या. इतकी वर्षं त्यांनी माझ्यात फक्त ओठ पाहिले होते. त्या दिवशी त्यांची नजर ओठांवरून खाली उतरली आणि त्यांना हात दिसले. समोरचेही दिसले आणि मागच्या बाकांवरचेही. गाडी निघून गेल्यावर त्या खाली वाकून फरशी पुसत होत्या, आणि पुसता पुसता मध्येच थांबत होत्या.

त्याच दुपारी हेडमास्तरांनी डौवेला बोलावलं. माझ्यासमोरच.

"पोरगी तुझ्यामुळे वाचली, ते मी मानतो," ते म्हणाले. "पण तू पाहुण्यासमोर शाळेचा नियम मोडलास, ते तूही मान. ईस्टरला तू घरी जायचं नाहीस."

"सर, माझी बेप्पे आजारी आहे."

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

डौवे इथेच राहिला. बेप्पे त्याच सुटीत गेली.

ईस्टर झाल्यावर आफ्केला घेऊन तिची आई त्रीन शाळेत आली. पोरगी वाळून काडी झाली होती. त्रीनने बाईंना सरळ सांगितलं, "मी सामान न्यायला आलेय. पोरगी आता घरी राहील. चार वर्षं इथे ठेवली आणि पोटात दुखतंय एवढंही तिला सांगता येईना."

"तिने सांगितलं होतं," हिंके बाई म्हणाल्या. "आम्हाला कळलं नाही."

"तेच ते."

"तेच नाही, त्रीन. तिला एकदा विचारू या का, तिला काय हवंय?"

"तिला काय विचारणार? ती बोलते कुठे?"

बाईंनी वर्गाचं दार लावलं आणि डौवेला बोलावलं. बेप्पे गेल्यापासून तो कुणाशीच फारसं बोलत नव्हता. तरी आला. आफ्केने आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी मान हलवली. तेव्हा तिचे हात सुटले आणि डौवे ते बोलून दाखवू लागला.

"मला घर आवडतं. आपली गाय आवडते. बाबांची बोट आवडते. पण घरी जेवताना तुम्ही सगळे बोलता. हसता. मी विचारते काय झालं, तर आई म्हणते, काही नाही गं, जेव तू. मग मी सूपकडे बघत बसते. रोज सूपकडे बघते. इथे माझं पोट दुखलं तर डौवेला कळतं. मला स्वप्न पडलं तरी त्याला सांगता येतं." डौवे जरा थांबला. "आई, तू कधी मला तुझं स्वप्न सांगितलं नाहीस."

त्रीन पोरीसमोर खुर्ची ओढून बसली. बराच वेळ ती पोरीच्या हातांकडे बघत राहिली. "हे सगळं हिच्या डोक्यात होतं?" तिने विचारलं. मग तिने डौवेची बाही धरली.

"सांगते, थांब, सांगते... हे हातांनी कसं म्हणायचं रे?"

डौवेने दाखवलं. तिने करून पाहिलं. चुकलं. आफ्केने आईचे हात धरून बोटं नीट केली. सामान न्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

हे हेडमास्तरांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुलं जेवायला गेल्यावर ते वर्गात आले.

"दार लावून काय चाललं होतं, हिंके बाई?"

"जे इतकी वर्षं माझ्या पाठीमागे चाललं होतं तेच. फक्त मी त्याला पुढे बसवलं."

"तुम्ही तरी असं करायला नको होतं. ही मुलं उद्या कुणाशी बोलणार? पाववाला हातांनी बोलत नाही."

बाईंनी हातातलं पीस टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही दक्षिणेकडचे. आमच्या घरी इथली फ्रिसियन भाषाच बोलायचे. शाळेत मात्र डच. पहिल्या दिवशी मला बाहेर जायचं होतं. घरच्या भाषेत मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, डचमध्ये सांग, मग सोडतो. मला ते येत नव्हतं. मी उभीच राहिले, आणि सगळ्या वर्गासमोर माझा झगा ओला झाला. मास्तर वाईट नव्हते. माझं भलंच चिंतत होते. आणि त्या दिवशी मी या पोरीला पेपरमिंट दिलं, सर. ती मरायला टेकली होती आणि मी तिचा 'ट' दुरुस्त करत होते."

हेडमास्तर खिडकीपाशी गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून काय बोलले ते मला आधी दिसलं नाही. मग ते वळले. "माझी धाकटी बहीण बहिरी होती," ते म्हणाले. "गावातली पोरं तिला मुकी म्हणून ढेकळं मारायची. तिला बोलता आलं असतं तर..."

"घरात तिच्याशी कोण बोलायचं, सर?"

त्यांनी खिडकीचा पडदा मुठीत धरला. मग म्हणाले, "मी तिच्या केसांना फीत बांधून द्यायचो. बोलत नव्हतो. कसं बोलायचं ते कुठे माहीत होतं?"

जाता जाता ते दाराशी थांबले. "रस्त्यावरून वर्गातलं दिसतं. पडदा लावत जा. निदान मी निवृत्त होईपर्यंत तरी."

एवढंच. परवानगी नाही आणि मनाईही नाही. पण त्या दिवसापासून माझ्या वर्गात हात मांडीखालून बाहेर आले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझी सगळ्यांत सुखाची. हिंके बाई मुलांकडून हातांची भाषा शिकायला बसल्या. त्यांचे हात मोठे, बोटं ताठ. एकदा 'चहा घ्या' म्हणायला गेल्या आणि 'म्हातारा बोकड' म्हणून बसल्या. मुलं हसून हसून बाकावरून पडायच्या बेतात. एखादी खूण नीट जमली की मुलं बाईंच्याच बरणीतलं पेपरमिंट काढून त्यांच्या हातावर ठेवायची. ओठांचा सराव बंद झाला नाही. ज्याला हवा तो माझ्यासमोर बसायचा, आणि गंमत म्हणजे आता बसायला कुणी कुरकुरत नव्हतं. शब्दाचा अर्थ आधी हातांनी कळला की तो ओठांवर यायला कमी कष्ट पडतात, असं बाई म्हणायच्या. काहींच्या ओठांवर तरीही आला नाही. त्याचं कुणी रडगाणं गायलं नाही.

पुढे हेडमास्तर निवृत्त झाले, बाईही थकल्या आणि गेल्या. कानामागे लावायची छोटी यंत्रं आली, मग डोक्याच्या आत बसवायची आली. नवे शिक्षक आले. त्यांना माझी गरज उरली नाही. एके दिवशी दोघांनी मला उचललं आणि कोठीत नेऊन ठेवलं, गंजलेली स्केट्स आणि मोडक्या बाकांच्या मागे. अंगावर एक गोणपाट टाकलं. ओल शिरली, चांदीला काळे डाग पडले. आरशाला काळोखात ठेवणं म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही. बघायला काही नसलं की मी कोण, हे मलाच कळेना.

मग एक दिवस गोणपाट उचललं गेलं. जुनी इमारत विकायची ठरली होती आणि माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं, आठवण म्हणून काही न्यायचं तर न्या म्हणून. माझ्यासमोर पिकल्या केसांचा एक दांडगा माणूस उभा होता. मी त्याला त्याच्या उभं राहण्यावरून ओळखलं. डौवे. बोटींची इंजिनं दुरुस्त करत त्याचं आयुष्य गेलं होतं. शेजारी आफ्के होती. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून, मग यंत्रं चालवून तीही आता निवृत्त व्हायला आली होती.

डौवेने एक गंजलेलं स्केट उचललं. 'हा मी फोडणार,' त्याच्या हाताने सांगितलं.

माझी तक्रार नव्हती. त्याचा तो हक्क होता.

'फोड,' आफ्केचे हात म्हणाले. 'पण काचा तूच वेचायच्या. दाराबाहेर लोकांनी आणलेली पोरं अनवाणी फिरतायत, बघ.'

डौवेने दाराकडे पाहिलं. स्केट खाली ठेवलं. मग मला त्याने दोन्ही हातांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. बोटीवरच्या, गोदीतल्या, शाळेतल्या. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात इतक्या शिव्या एका दमात मी पाहिल्या नव्हत्या. शेवटी तो थकला. 'बेप्पेचे डोळे मिटायला मी नव्हतो,' तो म्हणाला.

'माझ्यामुळे,' आफ्के म्हणाली.

'तुझ्यामुळे कसलं? तू मेली असतीस तर पुढची इतकी वर्षं मी भांडलो कुणाशी असतो?' आणि मग ती दोन म्हातारी माणसं माझ्यासमोर डोळे पुसत हसू लागली.

त्या दोघांनीच मला नव्या शाळेत आणलं. मुख्याध्यापिका मला उंचावर लावायला सांगत होत्या. डौवेने ऐकलं नाही. "खाली लावा," तो बोलला, तोंडाने, न अडखळता. "पोरांना कमरेपर्यंतचं दिसलं पाहिजे." तेव्हापासून मी कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी आहे, लहान मुलांच्या उंचीवर.

आफ्के बुधवारी शाळेत येते. मुलांना गोष्टी सांगते, हातांनी.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली. रुबा. तिचं कुटुंब युद्धातून निघून, तीन देश ओलांडून आमच्याकडे आलं होतं. सात वर्षांची पोर, कधी शाळा पाहिली नव्हती, कानाचा डॉक्टर पाहिला नव्हता. तिच्याजवळ कुठलीच भाषा नव्हती, ओठांची नाही आणि हातांचीही नाही. आपल्याला नाव आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं. कसं असेल? नाव तर हाकेत असतं. ती दिवसभर खुंट्यांवरच्या कोटांमागे लपून बसायची. शिक्षक, डॉक्टर, सगळे प्रयत्न करून दमले.

आफ्के काही बोलायला गेली नाही. ती कोटांजवळ जमिनीवर बसली आणि चॉकलेटचे दाणे पेरलेला पाव खाऊ लागली. एक तुकडा शेजारी ठेवला. असे किती बुधवार गेले कुणास ठाऊक. एकदा रुबा कोटांतून बाहेर आली, पाव घेतला आणि खात खात माझ्यात बघू लागली. तिच्या डाव्या भुवईत एक लहानसा व्रण होता, तिथे केस नव्हते.

आफ्केने माझ्यात बघतच स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि कानापाशी बोट गोल फिरवलं, तिच्या कुरळ्या केसांसारखं. बहिऱ्या लोकांत तिला याच खुणेने हाक मारतात. मग तिने रुबाकडे बोट केलं आणि भुवईवरून बोट अलगद ओढलं. पुन्हा रुबाकडे बोट. पुन्हा भुवई.

रुबाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तिने माझ्यात पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिचं बोट हळूहळू वर आलं आणि तिच्याच छातीवर टेकलं. आणि दुसऱ्या हाताचं बोट भुवईवरून फिरलं.

ती खूण तिने किती वेळा केली असेल. छाती, भुवई, छाती, भुवई. आफ्के जागची हलली नाही.

शाळा सुटली तेव्हा रुबाची आई न्यायला आली, दुसऱ्या टोकाला दाराशी उभी राहिली. रोज ती इथवर येऊन पोरीला ओढत न्यायची. आफ्केने आईला दुरूनच खूण करून दाखवली आणि मुलीकडे बोट केलं. आई गोंधळली. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि भुवईवरून बोट ओढलं.

रुबाने ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या आईने हाक मारली होती. ती धावत सुटली.

मित्रांनो, मी डागाळलेला आरसा. माझी काच पुसा, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं मागणं एवढंच आहे. एखादं मूल हाकेला ओ देत नसेल, तर ते ऐकत नाही असं लगेच म्हणू नका. त्याला हाक कशी मारायची, ते आधी शिकून घ्या.